कॅनडांतील निवासी शाळांचें दफ्तर : एक परीक्षण

कॅनडा देशांतील सत्यशोधन व समेट आयोगानें आपला अंतिम अहवाल इ. स. २०१५ च्या डिसेंबर महिन्यांत प्रसिद्ध केला. अहवालाचे एकंदर खंड सहा असून त्यांपैकीं पहिला दोन भागांत आहे. न्यायमूर्ति मरे सिंक्लेअर हे आयोगाचे अध्यक्ष, आणि विल्टन लिटलचाइल्ड व मेरी विल्सन हे सभासद होते. हा ग्रंथ मुख्यत्वें राजकारणाचा व न्यायाचा म्हणून वाचला गेला आहे, आणि तें साहजिक आहे. परंतु त्यास दुसरीहि एक बाजू आहे. एका सरकारी खात्याचें व चार ख्रिस्ती पंथांचें शंभरांहून अधिक वर्षांचें दफ्तर तपासून, त्यांत ज्यांची नोंद झाली नाहीं अशा मृत मुलांची गणती करण्याचा हा प्रयत्न आहे. या दृष्टीनें पाहतां जुने कागद जमविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींनीं त्याचें परीक्षण करणें अवश्य ठरतें. म्हणून आम्ही येथें मुख्यतः चौथ्या खंडाचा, म्हणजे बेपत्ता मुलें व खुणा नसलेल्या कबरी यांविषयींच्या खंडाचा, विचार करणार आहों.

विषय थोडक्यांत असा. इ. स. १८७९ मध्यें निकोलस फ्लड डेव्हिन यानें कॅनडाच्या सरकारास असा अभिप्राय दिला कीं, तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं शेजारच्या अमेरिकन संयुक्त संस्थानांप्रमाणें औद्योगिक शाळा काढाव्या. इ. स. १८८३ मध्यें मॅक्डोनल्डच्या कारकीर्दींत ही योजना सरकारनें उचलली. पैसा सरकारचा आणि चालकत्व रोमन कॅथॉलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व मेथॉडिस्ट या पंथांचें, अशी वाटणी होती. इ. स. १९२० च्या कायद्यानें सात ते पंधरा वर्षांच्या मुलांस सक्तीनें शाळेंत धाडण्याचा अधिकार सरकारकडे आला. एकंदर सुमारें दीड लक्ष मुलें या शाळांतून गेलीं. त्यांची भाषा, नांव, केस, पोशाख व धर्म बदलणें हाच शाळांचा उघड हेतु होता. शेवटली शाळा इ. स. १९९६ मध्यें बंद झाली असें सर्वत्र छापलें जातें. पण रँकिन इन्लेट येथील किवालिक हॉल हें वसतिगृह, जें मूळ यादींत नव्हतें व न्यायालयाच्या निकालानंतर मागाहून घालण्यांत आलें, तें इ. स. १९९७ पर्यंत चालू होतें. यास्तव जुन्या सनावर विसंबणाऱ्यांनीं ही दुरुस्ती करून घ्यावी. सूचीपत्रें चाळणाऱ्या वाचकांसाठीं आणखी एक सूचना : ज्या खात्याचें हें दफ्तर, त्याचें नांव ‘इंडियन अफेअर्स’ असें होतें, त्या नांवाचा आपल्या देशाशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां दफ्तराकडे वळूं. आयोगापुढें आलेले कागद स्थूलमानानें चार प्रकारचे आहेत. पहिला प्रकार ओटावा येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत दहाव्या गटाखालीं ठेविलेल्या खात्याच्या पत्रव्यवहाराचा. दुसरा प्रकार शाळांनीं दर तिमाहीस पाठविलेल्या हजेरीपत्रकांचा, आणि मुलांच्या दाखल्याच्या व नांव कमी केल्याच्या तक्त्यांचा. तिसरा प्रकार मिशनांच्या रोजनिशांचा. ऑब्लेट संप्रदायाचे पाद्री प्रत्येक ठाण्यावर ‘कोडेक्स हिस्टोरिकस’ नांवाची वही ठेवीत, व तींत दिवसाच्या ठळक गोष्टी टिपून ठेवीत. आपल्याकडील शकावलीशीं परिचित असलेल्यांस तिची जात ओळखूं येईल. चौथा प्रकार छायाचित्रांचा.

या चारींत एक गोष्ट समान आहे. बहुतेक कागद मुलाच्या किंवा त्याच्या आईबापांच्या बाजूनें लिहिलेले नाहींत. हजेरीपत्रकाचें प्रयोजन तर शुद्ध हिशेबाचें होतें, कारण इ. स. १८९२ पासून सरकार दर मुलामागें ठराविक रक्कम देत असे. पट भरलेला दिसला तर रक्कम पुरी मिळावयाची. त्यामुळें आजारी मूल दाखल करून घेण्याचा मोह चालकांस होई, आणि आयोगानें हें कारण स्पष्टपणें नमूद केलें आहे. आम्हांस त्यापुढें इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, जो कागद पैसा मागण्यासाठीं लिहिला गेला, तो पैशाच्या बाबतींत जितका बारकाईनें बोलतो तितका इतर बाबतींत बोलत नाहीं. वसुलाच्या पत्रकावरून गांवचा दुष्काळ ओळखावयाचा तो जसा आकडा घटल्यावरून, तसेंच येथें मुलाचा मृत्यु पुष्कळदां केवळ पटावरील आकडा घटल्यावरूनच ओळखावा लागतो.

छायाचित्रांविषयींहि असेंच. खात्याच्या वार्षिक अहवालांत रिजायना येथील शाळेच्या टॉमस मूर नांवाच्या मुलाचीं दोन चित्रें जोडीनें छापलेलीं आहेत. एकांत तो आपल्या लोकांच्या वेषांत आहे, तर दुसऱ्यांत केस कापलेला व गणवेष घातलेला आहे. हीं चित्रें पुरावा म्हणून अद्यापि वारंवार छापलीं जातात. परंतु तीं त्या मुलाच्या स्थितीचा पुरावा नसून खात्याच्या इच्छेचा पुरावा आहेत. चित्र कोणीं, कोणासाठीं व कोठें छापण्यासाठीं घेतलें हें विचारल्यावांचून तें वाचूं नये. आयोगाच्या ग्रंथांत ही सावधगिरी बव्हंशीं आढळते. त्याच्या आधारें लिहिणाऱ्या इतरांच्या लेखांत ती आढळत नाहीं.

आतां नष्ट झालेल्या कागदांकडे येऊं. इ. स. १९३३ च्या नियमानें शाळांचीं पत्रकें पांच वर्षांनीं आणि अपघातांचे अहवाल दहा वर्षांनीं नष्ट करण्याची मुभा मिळाली. त्या नियमाखालीं पंधरा टन कागद रद्दींत गेला. पुढें इ. स. १९३६ ते १९४४ या काळांत खात्याच्या दोन लक्ष फायली नाहींशा करण्यांत आल्या. येथें हेतूचा आरोप करण्याची घाई आम्ही करणार नाहीं. कचेऱ्या जागेच्या अडचणीनें कागद जाळतात, हें आपणांसहि नवें नाहीं. पण हेतु नव्हता असें धरलें तरी परिणाम तोच राहतो, आणि तो सर्वांच्या वांट्यास सारखा येत नाहीं. सरकारचें काम रद्दी गेल्यावांचून अडलें नाहीं. ज्या आईस आपलें मूल कोठें पुरलें हें विचारावयाचें होतें, तिचा एकुलता एक कागद त्या रद्दींत होता. शिवाय शाळेंत मूल मेल्यास रीतसर चौकशी करून अहवाल पाठविण्याची पद्धत खात्यानें इ. स. १९३५ मध्यें घातली. म्हणजे पन्नास वर्षें शाळा चालल्यावर मृत्यूची पद्धतशीर नोंद सुरू झाली, आणि लागलीच पुढल्या वर्षापासून जुने कागद निकालांत निघूं लागले.

अशा तुटक साधनांवरून आयोगानें मृत्यूंची वही तयार केली. तिच्यांत सुमारें ३,२०० मृत्यु आले. त्यांपैकीं जवळजवळ एकतृतीयांश मुलांचें नांवच शाळेनें किंवा सरकारनें लिहून ठेविलेलें नाहीं. सुमारें एकचतुर्थांशांच्या बाबतींत मुलगा कीं मुलगी हेंहि लिहिलेलें नाहीं, आणि जवळजवळ निम्म्यांच्या बाबतींत मृत्यूचें कारण दिलेलें नाहीं. आयोगानें नांव असलेल्यांची व नांव नसलेल्यांची अशा दोन याद्या निराळ्या ठेविल्या, हें त्याच्या विवेकाचें लक्षण होय. कारण वार्षिक अहवालांत नुसता मृतांचा आकडा दिलेला असतो, आणि त्या आकड्यांतील मूल नांवाच्या यादींत आधींच आलेलें असण्याचा संभव राहतो. शिवाय एकाच मुलास घरचें नांव, बाप्तिस्म्याचें नांव व शाळेचा क्रमांक अशीं तीन चिन्हें असत. नांवें जुळविण्याचें हें काम किती कष्टाचें आहे, तें वंशावळी लावणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पुढें विनिपेग येथील राष्ट्रीय केंद्रानें हें काम चालू ठेविलें, व ३० सप्टेंबर २०१९ रोजीं २,८०० मुलांचीं नांवें एका लांब तांबड्या वस्त्रावर लिहून प्रगट केलीं. त्यानंतर त्या केंद्राच्या नोंदींतील मृतांची संख्या ४,१०० वर गेली आहे. आकडा वाढत जातो याचा अर्थ पहिला आकडा खोटा होता असा नव्हे; जसजसे रुमाल सुटतात तसतशी यादी भरते.

या गणतींतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष एकूण संख्येंत नसून तुलनेंत आहे. इ. स. १९४१ ते १९४५ या पांच वर्षांत या शाळांतील मुलांचें मृत्यूचें प्रमाण देशांतील त्याच वयाच्या सर्वसाधारण मुलांच्या सुमारें पांचपट होतें, व १९६० नंतरच्या दशकांतहि तें दुप्पट होतें. त्या काळीं क्षयानें सगळींच मुलें मरत, असें जे म्हणतात त्यांस हें उत्तर पुरेसें आहे.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून डॉक्टर पीटर हेंडरसन ब्राइस याच्या अहवालाचा विचार करणें प्राप्त आहे. हा खात्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी होता. इ. स. १९०७ मध्यें त्यानें मानिटोबा व वायव्य प्रदेशांतील शाळांची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यांत शाळांकडून आलेल्या उत्तरांवरून १,५३७ विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा सुमारें पंचवीस मृत झाल्याचें दाखविलें; आणि जिचा तक्ता त्यास पूर्णपणें विश्वसनीय वाटला अशा एका शाळेंत हें प्रमाण शेंकडा ६९ होतें. हा अहवाल वर्तमानपत्रांत आला. तरी खात्यानें त्यावर अवश्य तो खर्च केला नाहीं. नोकरींतून बाहेर पडल्यावर ब्राइसनें इ. स. १९२२ मध्यें एक पुस्तिका छापून या दुर्लक्षास राष्ट्रीय गुन्हा म्हटलें.

ब्राइसचा आकडा हल्लीं सर्वत्र उद्धृत होतो, पण बहुतेक ठिकाणीं चुकीच्या अर्थानें होतो. तो दर वर्षाचा मृत्युदर नव्हे, तसाच तो सबंध देशांतील शाळांचाहि नव्हे. कांहीं थोड्या शाळांच्या स्थापनेपासूनच्या विद्यार्थ्यांचा, आणि तोहि शाळांनीं स्वतः कळविलेल्या माहितीवरचा, तो हिशेब आहे; शाळा सोडून घरीं गेल्यावर वारलेलीं मुलेंहि त्यांत येतात. अशा रीतीनें वाचला असतां त्याचें वजन कमी होत नाहीं, उलट वाढतें. कारण आजारी मूल घरीं पाठवून पटावरून कमी केलें कीं शाळेच्या पत्रकांत तो मृत्यु दिसत नसे, आणि ब्राइसनें नेमका तोच दडलेला मृत्यु मोजला. आकडा फुगवून सांगणारे मित्र या कामास शत्रूइतकेच घातक आहेत. कारण फुगवलेला आकडा खोडतां येतो, आणि त्याबरोबर खराहि खोडला जातो.

काम्लूप्स येथें हीच गोष्ट निराळ्या रूपानें घडली. २७ मे २०२१ रोजीं तेथील सेक्वेपेमक समाजानें जाहीर केलें कीं, जमिनीखालीं पाहणाऱ्या रडार यंत्राच्या साह्यानें जुन्या शाळेच्या आवारांत २१५ मुलांचे अवशेष असल्याची खात्री झाली आहे. पुढें जुलैंत, आधीं खणलेली जागा वगळून, शास्त्रज्ञांनीं ही संख्या सुमारें दोनशें संभाव्य कबरी अशी दुरुस्त केली. दरम्यान जगभरच्या वर्तमानपत्रांनीं ‘सामूहिक कबर’ सांपडली असें छापलें. तें त्या समाजाचें म्हणणें नव्हतें. रडारास हाडें दिसत नाहींत. माती कोठें हलविली गेली इतकेंच दिसतें. उत्खननावांचून त्या खुणेस संभाव्य कबर यापेक्षां अधिक म्हणतां येत नाहीं. ही मर्यादा पुढें करून कित्येक लेखक आतां सगळेंच प्रकरण बनावट ठरवूं पाहतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांचा दोष एकच आहे. दोघांनींहि एका खुणेवर सबंध इतिहास टांगला. काम्लूप्सच्या जमिनींत उद्यां कांहींहि निघालें किंवा न निघालें, तरी आयोगाच्या वहींतील मृत्यु रडारावर अवलंबून नाहींत. ते कागदावर आहेत, आणि तो कागद शाळाचालकांच्याच हातचा आहे. जमीन खणावी कीं नाहीं हा निर्णय मात्र ज्यांचीं मुलें तेथें असावीं त्यांचा आहे, जिज्ञासूंचा नाहीं.

आतां सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतों. आयोगानें कागदांबरोबर ६,७०० हून अधिक व्यक्तींच्या जबान्या घेतल्या, आणि त्यांस अहवालांत कागदाच्या बरोबरीनें स्थान दिलें. आपल्या परंपरेंत शिकलेल्या संशोधकास येथें अडखळल्यासारखें होतें. अस्सल समकालीन पत्र पहिलें, आणि आठवणीवर रचलेली बखर शेवटली, हा धडा आपण गिरविला आहे, व तो सोडावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु बखरीवर आपला आक्षेप ती तोंडी आहे म्हणून नसतो. ती घटनेपासून दूर, ऐकीव, आणि धन्याच्या मर्जीसाठीं लिहिलेली असते म्हणून असतो. या कसोट्या येथें लावून पाहाव्या. ज्यानें शाळेंत मार खाल्ला तो स्वतः जबानी देत आहे. ती ऐकीव नाहीं. तीत धन्याची मर्जी नाहीं. धन्याच्या मर्जीसाठीं लिहिलेला आहे तो मुख्याध्यापकाचा तिमाही अहवाल. म्हणजे आपल्याच नियमानें येथें पत्र बखरीच्या जागीं जातें आणि जबानी पत्राच्या जागीं येते. साठ वर्षांनंतरच्या आठवणींत सन चुकतो, व्यक्तींची अदलाबदल होते, हें खरें. म्हणून ती ताडून घ्यावी. पण ताडून घेणें निराळें आणि दारांत न घेणें निराळें. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें गित्क्सान व वेट्सुवेटेन लोकांच्या दाव्यांत ११ डिसेंबर १९९७ रोजीं हेंच ठरविलें, कीं मौखिक इतिहासास लेखी पुराव्याच्या बरोबरीनें स्थान द्यावें. खालच्या न्यायालयानें त्यास वजन देण्याचें नाकारलें होतें.

अहवालाचे दोषहि सांगितले पाहिजेत. पहिला असा कीं, मृत्यूंच्या वहीचें विवरण चौथ्या खंडांत आहे, पण ती वही तेथें छापलेली नाहीं. त्यामुळें एकेका नोंदीचा आधार वाचकास स्वतः पडताळून पाहतां येत नाहीं. दुसरा, महत्त्वाचीं पत्रें अवतरणांत तुकड्यांनीं येतात. अस्सल पत्र पूर्ण छापून मग त्यावर टीप देण्याची जी शिस्त आपल्याकडील साधनखंडांत आहे, ती येथें हवी होती. तिसरा दोष आयोगाच्या हद्दीचा आहे. तडजोडीच्या करारांतील यादींत असलेल्या शाळाच त्यास पाहावयाच्या होत्या. गांवोगांवच्या दिवसशाळा बाहेर राहिल्या. चौथी उणीव आयोगाची नव्हे. बेपत्ता मुलांच्या शोधासाठीं त्यानें इ. स. २००९ मध्यें पंधरा लक्ष डॉलर अधिक मागितले असतां सरकारनें ते दिले नाहींत. इतकेंच काय, सरकारी दफ्तरखान्यांतील कागद मिळविण्यासाठीं आयोगास न्यायालयांत जावें लागलें, आणि इ. स. २०१३ च्या जानेवारींत निकाल मिळाला तेव्हां त्याची मुदत संपत आली होती.

शेवटीं एक प्रश्न, जो आमच्यासारख्या संग्राहकांच्या वर्मीं लागणारा आहे. नुकसानभरपाई ठरविण्यासाठीं ३८,००० हून अधिक माणसांनीं आपल्यावरील अत्याचारांच्या गुप्त जबान्या दिल्या होत्या. हे कागद राखावे कीं नष्ट करावे, हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. सरकार म्हणे, हे कागद सरकारी आहेत, म्हणून ते राष्ट्रीय दफ्तरांत यावे. न्यायालयानें ६ ऑक्टोबर २०१७ रोजीं ठरविलें कीं, पंधरा वर्षें कागद ठेवावे. त्या अवधींत जबानी देणाऱ्यानें तो राखण्यास संमति दिली तर राखावा, नाहीं तर नष्ट करावा. या निकालानें जे संमति न देतां वारले, त्यांची जबानी नष्ट व्हावयाची.

कागद वांचवावा, हेंच ज्यांचें व्रत त्यांस हा निकाल प्रथम असह्य वाटतो. आम्हांसहि वाटला. परंतु १९३६ ते १९४४ मधील नाश आणि हा नाश एका तराजूंत घालतां येत नाहीं. तेथें ज्याचा कागद त्यास न विचारतां तो नष्ट केला. येथें ज्याचें दुःख त्याच्या शब्दास मान आहे. संशोधकाची जिज्ञासा मोठी खरी, पण ज्या लोकांचें मूल, भाषा व नांव विचारल्यावांचून नेलें गेलें, त्यांचा कागदहि विचारल्यावांचून ठेवणें ही त्याच सवयीची पुढली पायरी होईल. म्हणून आम्ही या निकालास, मन मोठें करून, मान्यता देतों. आणि त्याबरोबर इतकेंच म्हणतों कीं, संमति विचारण्याचें काम मनापासून व शेवटच्या माणसापर्यंत व्हावें.

उलट बाजूनें, जे कागद मुलांच्या नातलगांनीं मागितले आहेत ते अद्यापि कोणाच्या कपाटांत असतील तर त्यांस या निकालाचा आडोसा नाहीं. आयोगाच्या ९४ सूचनांपैकीं सत्त्याहत्तराव्या सूचनेनें प्रांतिक, नागरी व सामाजिक दफ्तरखान्यांस अशा कागदांच्या प्रती राष्ट्रीय केंद्राकडे देण्यास सांगितलें आहे. खासगी संग्राहक त्यांत शब्दशः येत नाहीं, पण नीतीनें येतो. जुन्या मिशनचीं पत्रें, शाळांच्या वह्या व छायाचित्रांचे संच बाजारांत विकत मिळतात व दूरदूरच्या संग्रहांत जातात. ज्याच्यापाशीं असा रुमाल असेल त्यानें तो सोडून त्यांतील नांवें उतरून घ्यावीं, आणि प्रत तिकडे धाडावी. आपण दोनशें वर्षांपूर्वींच्या एका शिलेदाराचें नांव निश्चित करण्यासाठीं वर्षानुवर्षें खपतों. तिकडे ज्यांचीं सख्खीं भावंडें अद्यापि हयात आहेत अशीं नांवें निश्चित व्हावयाचीं आहेत, आणि तीं भावंडें आतां वृद्ध झालीं आहेत.